मी ईस्टरपूर्वी गेलो तर

येशू, मरिया, योसेफ. मी, मॅलकी हेफर्नन, राहणार डब्यूक, आयोवा, धंदा पिंपे बनवण्याचा, अविवाहित, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. छाती निकामी झाली आहे. ईस्टर दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मीही विचारून त्यांना अडचणीत टाकत नाही.

देह आईच्या शेजारी पुरावा. पेटी मी स्वतः केली आहे, सांधे पक्के आहेत. कोणी वरून खिळे ठोकू नयेत.

रंधे, कुऱ्हाडी आणि हातोडे शेजारी गुस्ताव ब्रांट यांस द्यावेत. मोठ्या करवतीचा प्रश्न नाही, ती चार वर्षे त्यांच्याकडेच आहे. मागायला गेलो की ते आंबवलेला कोबी देऊन परत पाठवतात.

घर, परस आणि गाय धाकटा भाऊ कॉर्नेलियस यास, परंतु एका अटीवर. ती कळावी म्हणून मागचे थोडे लिहितो.

आमची बहीण एलन केंटकीतल्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे मठात, सिस्टर बेनिग्ना या नावाने राहते. तिचे पत्र आले की रविवारच्या चर्चमधल्या मिस्सेनंतर सगळे नातलग आमच्या स्वयंपाकघरात जमत आणि कॉर्नेलियस ते उभा राहून मोठ्याने वाचत असे. आवाज त्याचाच चांगला. नऊ वर्षांपूर्वी आई गेली ती उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत. मी त्याच दिवशी एलनला पत्र घातले. तिथला नियम असा की उपवासकाळात आलेली पत्रे मठाच्या प्रमुख मदरच्या कपाटात राहतात आणि ईस्टरच्या संध्याकाळी वाटली जातात. हे आम्हाला ठाऊक होते, पण दुःखात कोणाच्या डोक्यात आले नाही. एलनने ईस्टरच्या सकाळीच, माझे पत्र हाती पडण्याआधी, घरी लिहिले. कॉर्नेलियसने ते भरल्या घरात वाचायला घेतले: "आईला सांगा, ईस्टरची अंडी रंगवायला कांद्याच्या सालींत उकळताना मीठ विसरू नकोस. आणि चाळीस दिवस लिहिले नाही म्हणून रुसलीस का गं माझ्यावर?" पुढे त्याने वाचले नाही. कागद चुलीत टाकला.

मी त्याला नियम समजावला. तो म्हणाला, "नियम कपाटाला असेल, मॅल. आई गेली हे पोटच्या पोरीला आतून कळायला नको?" यावर वाद घालता येत नाही. आईचे कळल्यावर एलनने त्याच्या नावे दुसरे पत्र पाठवले, ते त्याने हातात घेतले नाही. मी बनवलेल्या लहान पिंपात ते न उघडता ठेवले आहे. तेव्हापासून तिची पत्रे मी एकटाच वाचतो, मनातल्या मनात. मला त्या रविवारांची फार आठवण येते.

अट अशी. मी ईस्टरपूर्वी मेलो तर एलनला पत्र घालू नये. मला माती दिल्यावर कॉर्नेलियसने लगेच निघावे आणि तोंडाने सांगावे. आमच्या चर्चचे फादर कीनन यांच्याकडून मी विचारून घेतले आहे, तिथे पत्राला बंदी आहे, दारात आलेल्या भावाला नाही. पिंपातले पत्र त्याने तिच्यासमोर फोडून मोठ्याने वाचावे, उभे राहून. गाडीभाडे चहाच्या डब्यात आहे. न गेल्यास घर फादरांच्याच चर्चच्या शाळेस जावे. हे वाक्य वाचताना फादर खोकले.

काल कॉर्नेलियसला मी हे तोंडी सांगून पाहिले. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ईस्टर होऊ दे, मग बघू."

"तोवर मी कुठे थांबतोय," मी म्हटले. तो गाईला पाणी दाखवायला गेला. गाईने नुकतेच पाणी प्यायले होते.

राहिली एलन. सिस्टर लोकांना स्वतःचे काही ठेवता येत नाही. घड्याळ दिले तर तेही मदरच्या कपाटात जाईल. म्हणून तिला मी तिचा भाऊ कॉर्नेलियस देतो.

साक्षीदार: फादर टिमथी कीनन. गुस्ताव ब्रांट (करवतीचा मजकूर मान्य नाही, बाकी मान्य).

सही: मॅलकी हेफर्नन
डब्यूक, राखेचा बुधवार, ६ मार्च १८७८. उपवासकाळ आज सुरू झाला.