सुप्रभाला चादर मिळणार नाही

सगळ्यात आधी आली ती सुप्रभा. काल येणार होत्या त्या फिल्मवाल्या मुली, आणि दार उघडते तर माझी धाकटी जाऊ, जरीची साडी नेसून, लिपस्टिक लावून! असो. मी रेखा हरीश तळेकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार इल्फर्ड, लंडन, शाळा चौथीपर्यंत, डोकं ठिकाणावर, कुणाची जबरदस्ती नाही, खुशीत हे लिहिते. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. एकही केलेलं नाही, पण नात अन्वी म्हणते, लिहावंच लागतं.

घर मुलाला, देवला. बँकेत असेल ते देव आणि अन्वीला निम्मं निम्मं. शिलाई मशीन अन्वीला, तेल घालत जा गं. पोळपाट-लाटणं सुनेला, पोळ्यांचे नकाशे होतात तरी.

आता चादर.

आमच्या वरच्या खोलीत अकोसुआ भाड्याने राहायची, घानाची. तिकडे बायकांच्या हाती कुणी कॅमेरा देत नव्हतं, तेव्हापासून ही सिनेमे काढायची. दिव्यांना पैसे नसायचे. मग खिडकीसमोर पांढरी चादर ताणून धरायची, की ऊन उलटून माणसाच्या तोंडावर पडतं. एक सिनेमा तिने आमच्या किचनमध्येच काढला. "अॅक्टिंग नको, रोजचं काम करा," म्हणाली. तांदूळ निवडायला बसवलं कुणाला? सुप्रभाला! तांदूळ माझे, सूप माझं, किचन माझं. आणि मला म्हणते, "रेखा, तुझे हात स्थिर आहेत. तू ऊन धर."

धरलं. खांदे भरून आले. तेव्हापासून प्रत्येक गणपतीत सुप्रभाचं चालू, "मी सिनेमात होते ना, तेव्हा..." आणि मी आत वडे तळतेय.

अकोसुआ वारली. आता तिचे सिनेमे साफसूफ करून परत दाखवणार आहेत, म्हणून त्या मुली आल्या. लॅपटॉपवर लावलं. सुप्रभाच्या गालावर काय तो उजेड! मेली अप्सरा दिसते. न राहवून म्हटलं, "तो उजेड माझा आहे." मुली टुणकन उठल्या. चादर अजून आहे का? आहे, कपाटात, डांबरगोळ्या घालून. त्यांना ती प्रदर्शनात लावायचीय.

सुप्रभा लगेच, "वहिनी, ती मला द्या ना. माझ्या माहेरची आहे."

आहे माहेरची. तरी नाही. चादर अन्वीला. तिने प्रदर्शनाला द्यावी, खाली पाटी लावून: धरणारी रेखा. इथल्या कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही म्हणे. म्हणून सुप्रभालाच साक्षीदार केलंय. बस आता.

एवढं तिला वाचून दाखवलं. हसायलाच लागली.

"अहो वहिनी, मुली परत येतायत, आपलं शूटिंग करायला. मी सांगितलं त्यांना, या वेळी तांदूळ वहिनी निवडतील. मग चादर कोण धरणार? म्हणून मागत होते."

"तुझे हात थरथरतात."

"थरथरू देत. तेवढ्याने तुमच्या सुरकुत्या लपतील."

कलम बदलत नाही. चादर अन्वीलाच. पण मी आहे तोवर सुप्रभाने ती धरायला हरकत नाही. मात्र मी अप्सरा दिसले पाहिजे.

सही: रेखा हरीश तळेकर
साक्षीदार, दोघंही माझ्यासमोर, एकाच टेबलाशी:
सुप्रभा तळेकर, जाऊ
सोलोमन पेणकर, शेजारी
इल्फर्ड, ७ मार्च २०२५

मुली बुधवारी सकाळी येतो म्हणाल्यात, ऊन असलं तर.