पहाडीवर तू माझ्यासाठी थांबलीस

शकू,

मोहाडीच्या बाजारात तुझा भाऊ भेटला. मी कांदे पाहत होते. "विमलताई, शकू गेली ना वो," तो म्हणाला. मला वाटलं, पुन्हा बदली झाली. मी विचारलंसुद्धा, "आता कुठं टाकलं तिले?" त्याने मान खाली घातली, तेव्हा कळलं. कावीळ झाली होती म्हणे. दिवाळीच्या आधीच गेलीस. आणि मी इकडे दिवाळीला करंज्या तळत होते! इतकी आजारी होतीस, तर एक कार्ड टाकता येत नव्हतं का वो तुला?

तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलते आहे. पण मध्ये एक गोष्ट घडली, ती तुला नीट सांगायलाच हवी. म्हणून लिहायला बसले.

चिखल्याच्या पुढच्या त्या गावात आपण दोघी उपऱ्याच होतो. मी सिहोऱ्याहून लग्न होऊन आलेली, तू मोहाडीहून नर्सबाई म्हणून आलेली. माझी सासू तुला चहा वेगळ्या कपात द्यायची. का, ते आपल्या तिघींनाही ठाऊक होतं. तू तो कप धुऊन कोनाड्यात ठेवायचीस आणि निघताना मला डोळा मारायचीस. मला लाज वाटायची. कप मात्र मी कधी बदलला नाही.

आणीबाणीच्या आधीचा तो हिवाळा. पहाडीपलीकडच्या टोल्यावरचा, त्या लहानशा वस्तीतला सुखराम सकाळीच धापा टाकत तुझ्या दारात आला. त्याची बायको फुलवंता आदल्या दिवसापासून अडली होती. गाडीरस्त्याने वळसा घालून जायचं तर संध्याकाळ झाली असती. सरळ पहाडी चढून उतरलं तर दुपारच्या आत पोचता येत होतं. तू पिशवी भरायला लागलीस आणि मी म्हटलं, मीपण येते.

"कायले? झेपन का तुले?"

"दिवसभर धानात वाकून राहतो आमी. पहाडी काय करन मले?"

मला नुकतेच दिवस गेले होते, शकू. कोणालाच सांगितलं नव्हतं. आधीचं एक पडलं होतं, म्हणून बोलायचीच भीती वाटत होती. तुला सांगितलं असतं तर तू मला नेलं नसतंस. आणि मला जायचं होतं! सासूच्या नजरेआडचा एक दिवस हवा होता, एवढंच.

वाट अशी नव्हतीच. सागाची वाळली पानं दंवाने भिजलेली, त्यांवरून पाय सटकायचा. वर गेलो तसे नुसते खडक. इतके गार की बोटं वाकेनात. तू पिशवी वर सुखरामकडे द्यायचीस, मग हातापायांवर चढायचीस आणि वळून मला हात द्यायचीस. एकदा तुझी चप्पल सुटून खाली गडगडत गेली, तर मी खो खो हसले. तिकडे एक बाई कळांनी तळमळत होती आणि मी हसत होते!

मग तो मोठा खडक आला. तू वरून ओढलंस, मी खालून जोर केला, आणि पोटात कळ आली. मांडीवरून ऊन ऊन काहीतरी उतरलं.

तू पाहिलंस. तुझा चेहरा एकदम नर्सबाईचा झाला.

"कितवा महिना?"

"दुसरा."

"अन् तू मले आता सांगून राहिली?"

वरून सुखराम ओरडला, "बाई, चला ना वो! ती मरन!"

तू वर पाहिलंस, मग माझ्याकडे. मी म्हणायला हवं होतं, तू जा. शकू, मी तुझा पदर धरला.

"सुखराम, तू पुढं जाय," तू म्हणालीस. "खाट अन् दोन माणसं पाठव. इथं अस्वलं हायेत, इले एकटीले सोडता येत नाही. माणसं आली का मी पळतच येतो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गेला.

तू मला आडवं केलंस, पायांखाली दगड दिलास, तुझी शाल माझ्यावर घातलीस. उन्हं खडकांवरून सरकत राहिली. तू माझा हात धरला होतास, पण तुझी नजर सारखी वर होती. माणसं दिसली तशी तू उठलीस आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशीच पळालीस.

फुलवंता वाचली. तिची मुलगी श्वास न घेताच जन्मली. तू आधी पोचली असतीस तर? मी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "सांगता येत नाही."

पोर कसं गेलं याच्या चौकशीला साहेब जीपने आले. मी अंथरुणावरून उठून गेले आणि सगळं सांगायला लागले. तर तूच मला अडवलंस. "साहेब, तिची तब्येत बरी नाही. थांबाचं मी ठरवलं. उशीर मले झाला." खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. तेच अजून पचत नाही.

त्या आठवड्यात सासूने तुला पहिल्यांदा चुलीपाशी बसवलं. पण साहेबापुढे तुझ्यासाठी शब्द टाकायला आमच्या घरातलं दुसरं कोणी गेलं नाही. तुझी बदली झाली, थेट गडचिरोलीकडच्या जंगलात. तुझी पेटी एसटीच्या टपावर चढली आणि मी एवढी रडले की तू खाली उतरून मलाच समजावत बसलीस. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

माझं ते पोट टिकलं, श्रावणात माझी संगीता झाली. मी कळवलं, तुझं दोन ओळींचं उत्तर आलं, मग काहीच नाही. रागावली असशील, असं धरून चालले.

भाऊ भेटल्यानंतर मला राहवेना. गेल्या आठवड्यात मी एकटी पहाडी चढून टोल्यावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! फुलवंता अंगणात धान पाखडत होती. मी नाव सांगितलं. "माहीत हाये," ती म्हणाली. तू गेल्याचं सांगितलं, तर तिच्या हातातलं सूप गळून पडलं आणि ती मोठ्याने रडली.

"दर हिवाळ्यात येत होत्या ना बाई! गाडीरस्त्यानं."

दर हिवाळ्यात! माझ्या गावाला वळसा घालून! "मंग माझ्याकडं काहून नाही आली?" मी विचारलं.

फुलवंता पडलेलं सूप उचलून झटकू लागली. "म्हणत होत्या, विमलकडं गेलो का ती रडते. अन् मंग मले तिलेच समजवावं लागते."

माफी मागायची म्हणून मी गेले होते. ते सगळं गिळलं. माझा अपराध मी एवढा मोठा करून ठेवला होता, शकू, की त्यापुढे तुम्हा दोघींचं दुःख मला दिसलंच नव्हतं. मी तिला विचारलं, पोरीला कुठं ठेवलं? तिने मला मोहाच्या झाडाखाली नेलं. तिथे एक दगड आहे. आम्ही दोघी तिथेच बसलो.

निघताना ती म्हणाली, "पोरगी केवढी झाली तुमची?"

"दहाची होईल."

"आणजा एकदा. पाहीन."

मला भीती वाटते, शकू. जिवंत पोर तिच्यापुढे कशी उभी करू? पण तिने मागितलं आहे. धानाची चुरणी-मळणी झाली की मी संगीताला घेऊन जाईन. त्याआधी तिला सगळं सांगेन, तुझं आणि त्या मोहाखालच्या पोरीचंही. फुलवंताला तिच्याकडे जितका वेळ पाहायचं असेल तितका वेळ पाहू देईन. आणि तिथे मी रडणार नाही.

तुझीच,
विमल