खुर्ची रिकामी नाही

४ मार्च, मंगळवार. सकाळी साडेदहा
पायाला प्लास्टर घालून आज आठ दिवस. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे पाय टेकवायचा नाही, खुर्चीत बसून राहायचं. बसते की! पण मुलीचा विश्वास नाही. म्हणून नातीने माझ्या खुर्चीच्या गादीखाली सेन्सर घातलाय. कॉलेजात शिकते ना पोर! मी बसले की सेन्सर अगदी बारीक इशारा करतो. शेजारची पेटी, ॲम्प्लिफायर म्हणायचं तिला, तो इशारा मोठा करून मुलीच्या मोबाईलला कळवते. बसले तर पेटीवर हिरवा दिवा, उठले तर लाल. लहान गोष्ट मोठी करायला आमच्या घरात यंत्र कशाला लागतं, कोण जाणे.
खुर्ची खिडकीशी ओढली. रस्ता दिसतो. पेटीची वायर प्लगपर्यंत पुरेना. ड्रॉवरमध्ये शोभेच्या दिव्यांची जुनी वायर होती, दोऱ्यासारखी बारीक. तुकड्याला तुकडा जोडला. सात गाठी, वर टेप. जन्मभर शिवणकाम केलंय, गाठ सुटायची नाही. नातीला बोलले नाही. एवढ्याशासाठी तिचा अभ्यास कशाला मोडा?

५ मार्च, बुधवार. दुपारी
मुलगी ऑफिसातून धापा टाकत आली. मोबाईलवर मेसेज म्हणे, खुर्ची रिकामी. आणि मी खुर्चीतच! वर मलाच विचारते, आई, खरं सांग, आत्ता येऊन बसलीस ना? अठ्ठावन्न किलोची बाई पेटीला दिसत नाही म्हणजे काय! अपमान आहे हा.

६ मार्च, गुरुवार
पुन्हा तेच. तीनदा. मुलगी म्हणाली, आता बास, रविवारपर्यंत हे सुधारलं नाही तर सोमवारपासून तुझ्याजवळ दिवसभराची बाई. मी म्हटलं, खबरदार! नऊ ते पाच हे घर माझं. रेडिओ माझा, स्वयंपाकघर माझं, बाईबिई चालणार नाही. पेटी मी दुरुस्त करते. मुलगी हसली. हसू दे.
नात फोनवर म्हणाली, आजी, व्होल्टेज ड्रॉप होत असेल. प्लगमधून पाच व्होल्ट निघतात आणि पेटीपर्यंत कमी पोचतात, मग तिला तुझा इशारा नीट वाढवता येत नाही. मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस.
म्हणजे चोरी. चोर लगेच ओळखला. फ्रिज. दिवसभर घुं-घुं करतो, फुकट थोडाच! बटण बंद केलं.

७ मार्च, शुक्रवार
दूध नासलं. पेटी तशीच. फ्रिज निर्दोष, पण त्याला सांगितलं नाही.
मग विचार केला, इशारा कमी पडतोय ना, आपण वजन वाढवू. स्वयंपाकघरातून पिठाचा डबा आणला, एका पायावर. मांडीवर घेऊन बसले. हिरवा दिवा! वीस मिनिटं हिरवा! मग मांड्या बधिर झाल्या. डबा उतरवला आणि मुलीचा फोन आलाच.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी
नात आली, व्होल्ट मोजायचा मीटर लावला. प्लगपाशी पाच व्होल्ट, पेटीपाशी साडेतीन. वायरीवरून हात फिरवत गेली, टेप सोडली, गाठी मोजल्या. आजी, हे काय गं? म्हणाली, वायर बारीक, लांब, त्यात या गाठी. दीड व्होल्ट इथेच खर्च होतो. मी म्हटलं, माझ्या गाठींना बोलायचं नाही, वायरच लेचीपेची. तिने जाड, अखंड वायर टाकली. मीटर चार पॉइंट नऊ! हिरवा दिवा, पिठाशिवाय.
एकूण मी जिंकले. फ्रिज नाही हे मी शोधलं नसतं तर पोर तिथेच अडकली असती. मुलगी म्हणाली, उद्या आम्ही दोघी दिवसभर बाहेर आहोत. पेटी नीट चालली तर बाई रद्द. उद्याचा एक दिवस, मग घर माझं.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी
पेटीने एकही चूक केली नाही. मुलीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. सकाळपासून एक्केचाळीस वेळा उठले म्हणे. वेळेसकट यादी! मी ठणकावून सांगितलं, त्यातल्या निम्म्या वेळा मी दिवा लाल होतो की नाही ते बघायला उठले. तपासायला नको कुणी? नात तोंड फिरवून हसत होती. मुलगी म्हणाली, पेटी अगदी छान झाली, आई. बाई उद्या नऊला येतील.

१० मार्च, सोमवार. साडेदहा
बाई आल्या. मी दारातच सांगितलं, मला कुणी उठवायला-बसवायला लागत नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, आणि माझ्या खुर्चीत बसल्या. टाचा फार दुखतात त्यांच्या. चहाला साखर दोन चमचे लागते, आलं नको. ओट्याला टेकून, एका पायावर लिहितेय, पाणी उकळायचंय.
आत्ताच मुलीचा मेसेज आला. शाब्बास आई, दीड तास झाला, एकदाही उठली नाहीस!
हो, म्हणून कळवलं.