पंखा वाकला, बोट पोचली

प्रिय ठमे,

बाबाचं पत्र, तेही पाच महिन्यांच्या अबोल्यानंतर, म्हणून घाबरू नकोस. सगळे सुखरूप आहेत.

तू सुट्टीला आलीस तेव्हा इंजिनवाल्याच्या वर्कशॉपमध्ये बोटीच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्यावरून आपलं वाजलं, ते मी विसरलेलो नाही. माझा हेका, पंखा स्टीलचाच हवा. वेग जास्त, लवकर झिजत नाही. तू म्हणालीस, "बाबा, आपल्या वाटेत खडक आहेत. अॅल्युमिनियमचं पातं वाकेल, पण मार स्वतःवर घेईल. स्टील वाकणार नाही, सगळा दणका आतल्या गिअरला देईल." तुझं शिक्षणच इंजिनांचं. पण चार माणसांसमोर मी तोडून टाकलं, "बोट मी चालवतो, तू पुस्तकं चालव." तू आणलेला अॅल्युमिनियमचा पंखा गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी गेलीस. त्यानंतर फोनवर बोललीस ती फक्त आईशी.

गेल्या महिन्यात माझ्या स्टीलच्या पंख्याला दांड्यावर घट्ट धरणारं रबर सरकलं. इंजिन नुसतं ओरडतंय, बोट जागची हलत नाही. तो दुरुस्तीला दिला आणि नाइलाजाने तुझा लावला. बोट सुस्तावली म्हणून दोन आठवडे सगळ्यांकडे कुरकुरत होतो, हेही कबूल करतो.

मंगळवारी दुपारी पलीकडच्या काठावरून नर्सबाईंचा फोन आला. सुताराच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, त्यात मूल आडवं. ती, तिची सासू आणि नर्सबाई अशा तिघींना घेऊन निघालो. ओहोटी लागलेली. अर्ध्या वाटेत खालून धाडकन आवाज आला आणि बोट थडथडायला लागली. सासूबाईंनी माझा दंड असा आवळला की अजून काळानिळा आहे. इंजिन वर उचलून पाहिलं, तर एक पातं दुमडलेलं, दुसऱ्याचं टोक गायब. पण पंखा फिरत होता! अक्षरशः रांगत रांगत वीस मिनिटांत धक्क्याला लागलो. दवाखान्याची गाडी तयारच होती. संध्याकाळी कळलं, ऑपरेशन करून मुलगी झाली, दोघी ठणठणीत.

इंजिनवाल्याने खालचा भाग उघडला. गिअरचा एक दाताही दुखावला नव्हता. "काका, पंखा स्टीलचा असता तर गिअर फुटून पाण्यातच अडकला असतात," म्हणाला. मी तिथेच, त्याच माणसांदेखत सांगितलं, पोरीचं बरोबर होतं, मीच चुकलो.

पण लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. तो खडक मी तीस वर्षं ओळखतो. ओहोटीला त्याचं डोकं पाण्याबाहेर असतं. नर्सबाईंना दिसला, त्या ओरडल्यासुद्धा. मला दिसला नाही. वर्षभर सगळं धूसर दिसतंय आणि मी तुझ्या आईलाही कळू दिलं नाही. स्टीलचा हट्ट त्यातलाच होता. कुठे आपटलंच, तर निदान पंखा तुटायला नको, कुणाला कळायला नको. काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदू आहे, काढला की दिसेल म्हणाले. आईला सांगितलं. आधी रागावली, मग रडली, मग बोटीची किल्ली मागून घेतली. खरं सांगतो, ती किल्ली देताना इतकं हलकं वाटलं की विचारू नकोस. पंधरा तारखेला ऑपरेशन आहे. रजा मिळाली तर ये गं. महिनाभर सुकाणू तू धर, मी पुढे बसेन आणि जमेल तितका गप्प राहीन.

तुझाच,
हट्टी बाबा