आप्पांची मांजर

४ मार्च, मंगळवार

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातलं 'दुपार' नावाचं मोठं चित्र साफ करायला बाहेरून एक बाई येणार आहेत. पेपरात चार ओळी आल्यात. आप्पांनी त्या वाचल्या आणि भरल्या ताटावरून उठले. विचारलं तर म्हणे, पोट डब्ब झालंय. थापा!

५ मार्च

अखेर ओकले एकदाचे.

"ते चित्र मी बिघडवलंय."

"कधी?"

"तू दहावीत होतीस."

आप्पा तिथे शिपाई होते. कुलगुरू पाहणीला येणार आणि चित्राच्या कोपऱ्यात पालीची शी. आप्पांनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. शी गेली, पण चित्रातल्या भिंतीचा तळहाताएवढा रंगही गेला. कुलगुरू अर्ध्या तासावर. मग वर्गातून मुलांचे उरलेसुरले रंग आणले. भिंतीचा रंग काही केल्या जमेना, म्हणून त्या जागी चक्क मांजर काढली. आमची, तुटक्या कानाची.

एकतीस वर्षं कुणाला पत्ता नाही. आणि मी चित्रकलेत काठावर पास झाले तेव्हा याच माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं.

"तो चित्रकार दरवर्षी यायचा," आप्पा सांगत होते. "आला की विचारायचा, इथला शिपाई कुठाय? मी मागच्या खोलीत दडून बसायचो. चहा माळ्याच्या हाती पाठवायचो. तो वारला तेव्हा वाटलं, सुटलो. वाईट वाटायला हवं होतं ना?"

मी कप विसळायला उठले.

९ मार्च, रविवार

एकटीच जाऊन बघून आले. तीन खोल्या, एक पंखा, पंख्याखाली पेंगणारा राखणदार. पहिल्या खोलीत आजवरच्या कुलगुरूंची तोंडं, एकजात सगळ्यांना बद्धकोष्ठ. दुसऱ्या खोलीत एक वाकडी तार टांगली आहे. खाली लिहिलंय 'अस्तित्व'. आमच्या गच्चीवर अशी तीन अस्तित्वं आहेत, त्यांवर टॉवेल वाळतात.

तिसऱ्या खोलीत आमचं चित्र. समोर एक प्राध्यापक मुलांना समजावत होते, "ही मांजर म्हणजे या चित्राचा प्राण. तिच्या तुटक्या कानात चित्रकाराचं सगळं एकाकीपण एकवटलंय." तो कान शेजारच्या काकूंनी दार आपटलं त्यात तुटला होता. खोकल्याचं नाटक करत बाहेर पळाले.

पण खरं सांगायचं तर मांजर झकास आहे. भिंत, खुर्ची, खिडकी सगळं झोपलंय. ती तेवढी जागी आहे.

१० मार्च

आप्पांचा हट्ट, बाईंना कळायच्या आत स्वतः जाऊन सांगणार. मी म्हटलं, पेन्शन बंद करतील. "करू देत. पकडलं जाण्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं." मग थोड्या वेळाने, हळूच, "पुसायच्या आधी एकदा बघताही येईल."

खरी गोम इथे आहे.

११ मार्च

सकाळपासून दोनदा दाढी केली. जायचंय उद्या!

१२ मार्च

गेलो. बाई आणि तेच प्राध्यापक, दोघे चित्रापाशीच होते. आप्पांनी हात जोडून पालीपासून सगळं सांगितलं. प्राध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एरवी मी पोट धरून हसले असते, पण आप्पांनी जोडलेले हात अजून खाली घेतले नव्हते.

बाई म्हणाल्या, "मांजरीचा रंग वेगळा आहे हे पहिल्या दिवशीच दिसलं होतं. सहज निघेल."

"काढून टाका," आप्पा म्हणाले. "फक्त दोन मिनिटं थांबा."

दोनाची वीस झाली. कुणी त्यांना हटकलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि त्याचा रागही आला. चित्र उद्या भिंतीवरून उतरवतील.

१३ मार्च

बाईंचा फोन. चित्र उतरवलं, तर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं. अक्षर चित्रकाराचं. 'मांजर माझी नाही. माझ्या चित्रापेक्षा बरी आहे, कुणी पुसू नये. बहुतेक शिपायाची असावी, पण मी आलो की तो लपतो. भेटला तर त्याला माझ्याकडे शिकायला पाठवा.'

मी ते कागदावर उतरवून घेतलं. आप्पांनी तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तो चहा मी न्यायला हवा होता."