शेंदराखालचा चुनखडक

मी, विजया लांजेवार, वय एकोणसत्तर, खाणीच्या भूगर्भ विभागातून निवृत्त, राहणार सेक्टर पाच, भिलाई, जिल्हा दुर्ग, माझ्यामागे काय कोणाचे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. हृदयाने दोनदा दगा दिला, पण डोके शाबूत आहे. दबाव कोणाचाही नाही. दबाव आणणारा एकच, माझा धाकटा भाऊ केवलराम, आणि त्याला मी जन्मभर जुमानले नाही. लग्न केले नाही. कारणे विचारायची वेळ आता गेली.

१. स्वयंपाकघरातले सगळे ठकूबाईंना. त्यांनी मला जेवू घातले आणि माझी बडबडही ऐकून घेतली.

२. लीजवरचे हे घर केवलरामाला हयातीपर्यंत, त्याच्यानंतर त्याची नात उन्नती हिला. कॅम्प-१ वस्तीतल्या दोन खोल्यांत त्याचा जीव घुसमटतो. दोन्ही वेळा दवाखान्याच्या बाकावर हाच माणूस माझ्यासाठी झोपला होता. त्याला अंगण मिळावे, ही माझी फार इच्छा आहे.

३. अंगणातल्या कडुनिंबाखालचा दगड तिथेच राहील. हा नंदिनी गावच्या खाणीतला चुनखडक. आतली गोल वलये दिसावीत म्हणून मी तो कापून, घासून आणला होता. फिरतीवरून परत येते तो काय, केवलरामाने त्याला शेंदूर फासून मारुती केलेला! तेव्हा कडाक्याचे भांडण झाले. आता शेजारणी तिथे नारळ फोडतात आणि खोबरे मीही खाते.

पण हल्ली केवलराम मोबाइलवर कोणा स्वामींना ऐकतो. त्यांच्या मते पृथ्वीवरचे सगळे खडक पाच हजार वर्षांपूर्वी एकाच प्रलयात तयार झाले. अहो, त्याच खाणीत थरांच्या मध्ये वाळलेल्या चिखलाच्या भेगा आहेत, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा. प्रलय चालू असताना चिखल वाळला कधी? ती वलये उथळ समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी थरावर थर चढवून केली. वय शंभर कोटी वर्षांच्या आसपास. स्वामींनी एकदा खाणीत उतरून बघावे, पण कपडे मळतील.

केवलराम, तुझेच बोलणे तुला ऐकवते. गावच्या मारुतीची शेंदराची खोळ गळून पडली, तेव्हा पुजारी म्हणाला, देव माझ्या आजोबाने बसवला. तू खोळीची कड त्याच्यापुढे धरलीस. “येवढा जाड थर एका सालात चढते काय? पाह्य ना, पापुद्रे मोज. तुह्या आजोबाच्याबी आधीचा देव हाय हा!” भर पंगतीत पुजारी पापुद्रे मोजू लागला. मग जो न्याय शेंदराला, तोच दगडाला कावून नाही? हेच विचारले तेव्हा तू म्हणालास, “बाई, देवाचं अलग रायते,” आणि चहा मागितलास. लबाड कुठला!

४. माझी हातोडी, भिंग, पुस्तके आणि सारी बचत उन्नतीला, रायपूरला भूगर्भशास्त्र शिकण्यासाठी. केवलराम नाही म्हणतो. असले शिकून पोरगी देवाला विसरेल, ही त्याची भीती. तिचा बाप राहुल म्हणतो, “बाबूजी जैसा बोलेंगे.” पोरगी माझ्याजवळ येऊन हुंदके देऊन रडली. प्रवेशाचे दिवस संपत आले आहेत. केवलराम, मी देव मानते. कोट्यवधी वर्षे धीर धरणारा देव मला पाच हजारवाल्यापेक्षा मोठा वाटतो, एवढेच.

५. इथवर लिहून मी हे केवलरामाला वाचून दाखवले. मग कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंना त्याने विचारले, साक्षीदार म्हणून सही कोण करू शकते. त्या म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

“मंग माह्यं नाव काढा.”

मी म्हटले, “अरे वेड्या, घर आहे ते!”

“असू दे. उद्या कोणी म्हणन, बुढा पोरीच्या शिक्षणाले नाही म्हणून राहिला होता. माही सही पाहिजे त्याच्यावर. दगड पाच हजाराचाच हाय बाई, ते मी सोडत नाही. पण पोरीले जाऊ दे.”

मला रडू आवरले नाही. कलम दोनमधून केवलरामाचे नाव मी खोडले असून तिथे सही केली आहे. घर आता थेट उन्नतीचे.

भिलाई, दिनांक १८ जून २०२४
विजया लांजेवार (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
१. शालिकराम भुरे, शेजारी (सही)
२. केवलराम लांजेवार, उन्नतीचा आजोबा (सही)