गाडीचं गार्ड आणलं नाही

वहाब,

तुझ्या मोटारसायकलच्या डाव्या गार्डवरचा ओरखडा अकरा सेंटिमीटरचा आहे, अगदी सरळ. क्रांती चौकातले गॅरेजवाले मिस्त्री तो बघून म्हणाले, "आपा, ब्रेक मारलेलाच नाय. भाऊ गाडीवर झोपला व्हता का?" आणि त्यांनी जाड पाइपची दोन गार्ड दाखवली. मी ती परत दिली. गार्डनं पाय वाचेल, पण चालत्या गाडीवर पुन्हा फिट आली तर त्याचा काय उपयोग? ही तिसरी होती. तुझा रिश्ता मोडेल म्हणून मी दोन वर्षं गप्प राहिले.

खिचडी झाकून ठेवलीय, गोळी चुकवू नकोस. गाडीची चावी मी शाळेत नेतेय. आत्ताच अम्मीला फोनवर सगळं सांगितलं, आणि हेही, की वहाब यापुढे गाडी चालवणार नाही.

फहमिदा आपा